आय-सेव्हन मोठा की आय-फाइव्ह? प्रोसेसरची तुलना करायची तरी कशी

इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की इंदूरच्या मराठी घरांत लॅपटॉपचा विषय निघतोच. मग आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलला किंवा चेतक सेंटरला चक्कर होते. दुकानदार दोन मशीनं काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "भिया, ये आय-फाइव्ह है, ये आय-सेव्हन. बजट आप देख लो." सात पाचापेक्षा मोठे, एवढं गणित सगळ्यांनाच येतं. त्यामुळे पोराचं तोंड सातकडे, बापाचं पाकिटाकडे, आणि चर्चा तिथेच संपते.

हे गणित चुकतं कुठे ते बघायला एक खरी जोडी घेऊ. इंटेलचा कोअर आय-७ १२५५यू आणि कोअर आय-५ १२५००एच. दोन्ही २०२२ सालचे, दोन्ही बाराव्या पिढीचे, आतली घडणही एकाच घराण्याची. आय-७ चा कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ, आय-५ चा ४.५. कागदावर आय-७ पुढे. पण लांबलचक व्हिडिओ रेंडर करायला लावा, किंवा शेकडो फायलींचा प्रोग्राम कंपाइल करायला (म्हणजे लिहिलेला मजकूर मशीनच्या भाषेत बदलायला) द्या, की हा आय-५ त्या आय-७ ला आरामात मागे टाकतो.

मेख नावाच्या शेपटात आहे. 'यू' म्हणजे पातळ, हलक्या, बॅटरी जपणाऱ्या लॅपटॉपसाठी केलेली चिप. तिची मूळ वीजमर्यादा १५ वॉट. 'एच' म्हणजे जाडजूड मशीनसाठी, मूळ मर्यादा ४५ वॉट. कोअर म्हणजे चिपेतला स्वतंत्रपणे काम करणारा एकेक भाग. त्या आय-७ मध्ये दमदार कोअर फक्त २ आणि काटकसरी कोअर ८. आय-५ मध्ये दमदार ४, काटकसरी ८. कॅश, म्हणजे चिपेतलीच छोटी स्मृती (तिच्याबद्दल पुढे), एकीकडे १२ एमबी, दुसरीकडे १८. आय-३, आय-५, आय-७ ही उतरंड एकाच जातीच्या चिपांपुरती खरी. यू आणि एच एकमेकांसमोर आले की ५ आणि ७ या आकड्यांवरून काहीच ठरत नाही.

गिगाहर्ट्झ म्हणजे नेमकं काय

प्रोसेसर ठोक्यावर चालतो. ४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४०० कोटी ठोके. पण एका ठोक्यात किती काम उरकतं ते हा आकडा सांगत नाही. पूर्ण हिशेब असा असतो: एखाद्या कामाला लागणारा वेळ म्हणजे त्या कामातल्या सूचनांची (प्रोसेसरला दिलेल्या बारीक हुकमांची) संख्या, गुणिले प्रत्येक सूचनेला सरासरी लागणारे ठोके, गुणिले एका ठोक्याचा वेळ. गिगाहर्ट्झ हा या तिघांतला फक्त शेवटचा.

सकाळी नेहरू पार्कात नातू तुरुतुरु धावतो आणि आजोबा ढांगा टाकत चालतात. पावलं नातवाची जास्त पडतात, पण फेरी आधी कोणाची पुरी होईल ते पावलं मोजून कळत नाही, पाऊल किती लांब पडतं तेही धरावं लागतं. एक प्रोसेसर ४ गिगाहर्ट्झवर ठोक्याला सरासरी २ सूचना उरकतो, म्हणजे सेकंदाला ८०० कोटी. दुसरा ३ गिगाहर्ट्झवरच, पण ठोक्याला ३ उरकतो, म्हणजे ९०० कोटी. डब्यावर मात्र पहिल्याच्याच नावापुढे मोठा आकडा छापलेला असतो.

ही गोष्ट एकेकाळी अख्ख्या उद्योगाला महागात पडली आहे. नोव्हेंबर २००० मध्ये इंटेलने पेंटियम ४ आणला तेव्हा जाहिरातीत गिगाहर्ट्झचीच चलती होती. ठोके वाढवता यावेत म्हणून सूचनेचं काम बारीक बारीक टप्प्यांत तोडलं. पेंटियम ३ मध्ये साधारण १० टप्पे होते, पेंटियम ४ मध्ये ते २० झाले आणि २००४ च्या आवृत्तीत ३१. टप्पा जितका छोटा तितका ठोका जलद देता येतो. अडचण अशी की प्रोग्राममध्ये 'असं असेल तर इकडे, नाहीतर तिकडे' असे फाटे पदोपदी येतात. प्रोसेसर उत्तराची वाट न बघता अंदाजाने पुढचं काम सुरू करून टाकतो. अंदाज चुकला की मधल्या टप्प्यांत भरलेलं सगळं काम फेकून नव्याने भरणं आलं. टप्पे ३१ असतील तर चुकीची किंमत तेवढीच मोठी. त्यात वीज आणि उष्णता इतकी वाढली की ३.८ गिगाहर्ट्झच्या पुढे गाडी सरकेना, आणि ४ गिगाहर्ट्झचा जाहीर केलेला पेंटियम ४ इंटेलला २००४ मध्येच रद्द करावा लागला.

प्रतिस्पर्धी एएमडीचं दुखणं उलटं होतं. त्यांची चिप कमी ठोक्यांत जास्त काम करायची, पण गिऱ्हाइकाला ते पटवायचं कसं? २००१ मध्ये त्यांनी अ‍ॅथलॉन एक्सपी काढला आणि वेगाऐवजी एक क्रमांकच नावात घातला. १८००+ नावाची चिप प्रत्यक्षात १.५३ गिगाहर्ट्झवर चालायची. लोकांनी नाकं मुरडली, पण मुद्दा एएमडीचाच बरोबर होता. २००६ मध्ये खुद्द इंटेलने कोअर २ ड्युओ आणला, आणि त्यातल्या २.४ गिगाहर्ट्झच्या चिपेने ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला मागे टाकलं. तेव्हापासून वेगवेगळ्या घडणीच्या दोन चिपांचे गिगाहर्ट्झ एकमेकांशी ताडण्यात अर्थ उरलेला नाही. दुकानांच्या पाट्यांवरून मात्र ते अजून हललेले नाहीत.

कॅशचंही इथेच उरकून घेऊ. रॅमपर्यंत जाऊन माहिती आणायला साधारण ८० नॅनोसेकंद लागतात असं धरा. ४ गिगाहर्ट्झच्या चिपेचा एक ठोका पाव नॅनोसेकंदाचा. म्हणजे एका खेपेला ३२० ठोके, आणि त्या काळात करण्याजोगं दुसरं काम हाताशी नसेल तर प्रोसेसर नुसता बसून. ही खेप वाचावी म्हणून लागणारी माहिती चिपेच्या पोटातच, कॅशमध्ये, ठेवतात.

मे महिन्यातलं इंदूर आणि परीक्षकाची एसी खोली

आता ज्या गोष्टीकडे आपल्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं तिच्याकडे येऊ. डब्यावरचा ४.७ गिगाहर्ट्झ हा कमाल वेग आहे. तो एकदोन कोअर चालू असताना, चिप थंड असताना, थोडा वेळ मिळतो. वर सांगितलेल्या आय-७ ची मूळ मर्यादा १५ वॉट असली तरी काही काळ ती ५५ वॉटपर्यंत ओढू शकते. आय-५ ची उडी ९५ वॉटपर्यंत. ब्राउझर उघडणं, फोटो मोठा करणं, असली कामं या उडीतच उरकतात, म्हणून रोजच्या वापरात दोन्ही चपळ वाटतात. काम पाच-दहा मिनिटं सलग चाललं की उडी संपते आणि चिप परत आपल्या मर्यादेला येते. ही मर्यादाही लॅपटॉप बनवणारी कंपनी पंखा, तांब्याच्या नळ्या आणि जाडी बघून कमीजास्त ठेवते. त्यामुळे तोच प्रोसेसर दोन कंपन्यांच्या लॅपटॉपांत वेगवेगळा धावतो. 'हा प्रोसेसर किती वेगवान' याचं उत्तर लॅपटॉपच्या बाबतीत मशीनचं नाव घेतल्याशिवाय देताच येत नाही.

आणि हवामान. चिप साधारण १०० अंशांना पोचली की स्वतःच वेग कमी करते. उष्णता बाहेर किती वेगाने जाणार हे चिप आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. इंटरनेटवरची परीक्षणं बहुधा २२-२३ अंशांच्या खोलीत होतात. तिथे फरक १०० उणे २२, म्हणजे ७८ अंश. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४० च्या वर असतो आणि कूलर लावूनही वरच्या मजल्यावरची खोली दुपारी ३७ ला असू शकते. तिथे फरक ६३. पंखा तोच, नळ्या त्याच, तर बाहेर टाकता येणारी उष्णता ढोबळमानाने पाचव्या हिश्शाने कमी. म्हणजे जड, सलग कामाला मिळणारे वॉटही तेवढेच कमी. वेग अगदी त्याच प्रमाणात पडत नाही, कारण शेवटच्या थोड्या गिगाहर्ट्झसाठी वीज फार खर्च होते. पण परीक्षणातला आकडा आपल्या घरी मिळाला नाही तर मशीन खराब निघालं असं समजू नये. लॅपटॉप गादीवर ठेवून गेम खेळणाऱ्यांना काही सांगण्यात अर्थ नाही, ते ऐकत नाहीत.

याच कारणाने बेंचमार्क किती वेळ चालवला हे विचारलं पाहिजे. बेंचमार्क म्हणजे ठरावीक काम देऊन मशीनची परीक्षा घेणारा प्रोग्राम. एका थ्रीडी चित्राचं रेंडरिंग करून गुण देणाऱ्या सिनेबेंचची जुनी परीक्षा चांगल्या मशीनवर मिनिट-दोन मिनिटांत संपायची. आर२३ आवृत्तीपासून ती आपोआप १० मिनिटं चालते, आणि मग पातळ लॅपटॉपांचा दम कळतो. उलट गीकबेंच छोट्या छोट्या कामांनी परीक्षा घेतो, मधे श्वास घेऊ देतो. त्यात उडीचा वेग दिसतो, टिकाव नाही.

जास्त कोअर म्हणजे तितका जास्त वेग?

नाही, आणि याचं गणित १९६७ मध्ये जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने मांडून ठेवलं आहे. प्रत्येक कामात काही भाग वाटून करता येतो आणि काही एकापाठोपाठ एकच करावा लागतो. समजा ७५ टक्के काम वाटता येतं. ४ कोअर दिले तर काम ४ पट नाही, २.३ पट जलद होतं. ८ दिले तर २.९ पट. १६ दिले तर ३.४ पट. हजार कोअर दिले तरी ४ पटीच्या वर जात नाही, कारण उरलेले २५ टक्के एकट्या कोअरलाच ओढायचे आहेत. रेंडरिंग जवळपास पूर्णपणे वाटता येतं, म्हणून तिथे कोअरांची चंगळ असते. वेब पेज उघडणं किंवा बहुतेक गेम यांत मोजकेच कोअर घाम गाळतात.

म्हणून बेंचमार्कचे निकाल दोन रकान्यांत येतात: सिंगल-कोअर आणि मल्टी-कोअर. दुकानात मल्टीचाच आकडा दाखवतात, कारण तो मोठा दिसतो. घरगुती, ऑफिसच्या आणि कॉलेजच्या वापरासाठी मी आधी सिंगलचा बघतो. मशीन चपळ वाटतं की मंद, ते बहुतेक त्याच्यावर ठरतं.

आकड्यांना पाया असतो हेही लक्षात ठेवायचं. गीकबेंच ६ मध्ये २५०० गुण म्हणजे डेस्कटॉपचा आय-७ १२७००. तुमच्या मशीनला त्यात १२५० मिळाले तर ते निम्म्या वेगाचं. पण गीकबेंच ५ चा पाया वेगळा होता, तिथे आय-३ ८१०० ला १००० धरलं होतं. एका मशीनचा पाचवरचा निकाल आणि दुसऱ्याचा सहावरचा निकाल शेजारी ठेवून निवाडा देणारे महाभाग मी पाहिलेत.

सरासरीतला सापळा

अनेक परीक्षांचा मिळून एकच आकडा काढायचा तर सरासरी काढतात, आणि इथे फार मजेदार गफलत होते. कागद-पेन्सिल घेऊन बघा. मशीन 'अ' फोटो एक्स्पोर्ट करायला १० सेकंद घेतं आणि मोठी फाइल झिप करायला ४०. मशीन 'ब' दोन्हीला २०-२०. आता 'अ' ला पाया धरा. फोटोत 'ब' ला दुप्पट वेळ, म्हणजे २. झिपमध्ये निम्मा, म्हणजे ०.५. सरासरी १.२५. निष्कर्ष: 'ब' २५ टक्के मंद. आता पाया 'ब' धरा. 'अ' चे आकडे ०.५ आणि २. सरासरी पुन्हा १.२५. निष्कर्ष: 'अ' २५ टक्के मंद! आकडे तेच, परीक्षा त्याच, आणि दोघंही एकमेकांपेक्षा मंद.

यावर उपाय म्हणून भूमितीय सरासरी वापरतात: दोन आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ. २ गुणिले ०.५ म्हणजे १, वर्गमूळही १. दोन्ही बाजूंनी बरोबरी. १९८८ मध्ये स्थापन झालेली स्पेक ही संस्था आपल्या प्रोसेसर-चाचण्यांचे गुण याच पद्धतीने काढते. विरोधाभास मिटला, पण तुमचा प्रश्न मिटला का? दोन्ही कामं एकेकदा केली तर 'अ' ला ५० सेकंद, 'ब' ला ४०. लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाला मात्र दिवसभर एक्स्पोर्टच करायचं असतं, त्याच्यासाठी 'अ' दुप्पट जलद. कुठल्याच सरासरीला त्याचा धंदा माहीत नसतो.

आणि परीक्षा महत्त्वाची झाली की पेपर फुटतोच. स्पेकच्या पहिल्याच संचात मॅट्रिक्सचा गुणाकार करणारी एक चाचणी होती. कंपायलर लिहिणाऱ्यांनी नेमकी तीच हेरून तिचे गुण कित्येक पटींनी फुगवले, शेवटी ती काढून टाकावी लागली. फार जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका: फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पेकने इंटेलच्या सर्व्हर-चिपांचे २६०० हून जास्त निकाल बाद ठरवले, कारण वापरलेल्या कंपायलरमध्ये एका विशिष्ट चाचणीलाच फायदा होईल अशी सोय आढळली. म्हणून एकाच बेंचमार्कवर, त्यातही कंपनीच्याच स्लाइडवर, भिस्त ठेवू नये.

डेस्कटॉपची एक जोडी, आणि नावांची लपाछपी

कोणता श्रेष्ठ हे सांगताच येत नाही अशी एक सुंदर जोडी २०२३ मध्ये बाजारात आली. एप्रिलमध्ये एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी: ८ कोअर, कमाल वेग ५ गिगाहर्ट्झ, पण चिपेवर चिप रचून एल३ (म्हणजे तिसऱ्या पातळीची, सगळ्यात मोठी) कॅश ९६ एमबी केलेली. ऑक्टोबरमध्ये इंटेलचा कोअर आय-९ १४९००के: २४ कोअर, वेग ६ गिगाहर्ट्झपर्यंत, एल३ कॅश ३६ एमबी, आणि पूर्ण जोरावर २५३ वॉट. रेंडरिंगमध्ये आय-९ रायझनच्या जवळपास दुप्पट काम करतो. गेममध्ये रायझन त्याची बरोबरी करतो, बऱ्याचदा पुढेही जातो, आणि तेही खूप कमी विजेवर. गेममध्ये माहिती विखुरलेली असते, रॅमच्या त्या ३२० ठोक्यांच्या खेपा सारख्या कराव्या लागतात, आणि मोठी कॅश नेमक्या त्याच वाचवते. रेंडरिंगला कोअर हवे असतात. दोघांपैकी एकाला 'फास्ट' म्हणणारा व्हिडिओ दिसला तर त्याने काय चालवून पाहिलं ते आधी बघा.

एएमडीवालेही नावांत कमी नाहीत. २०२३ च्या लॅपटॉपांत त्यांच्या ७००० मालिकेचे रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू आले. वाचताना सख्खे भाऊ वाटतात. पहिल्यात ४ कोअर, घडण झेन २ म्हणजे २०१९ ची. दुसऱ्यात ६ कोअर, घडण झेन ३. खूण तिसऱ्या आकड्यात: २ असेल तर झेन २, ३ असेल तर झेन ३, ४ असेल तर झेन ४. पहिला आकडा ७ बघून 'नवीन आहे' असं समजणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. मला विचाराल तर ही पद्धत गिऱ्हाइकाने समजू नये म्हणूनच केली असावी.

स्वतः मोजायचं असेल तर

ओळखीचं दुकान असेल, किंवा मित्राकडे ते मॉडेल असेल, तर आपली स्वतःची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन जा. जो व्हिडिओ एडिट करता तोच, जो प्रोजेक्ट कंपाइल करता तोच. दोन्ही मशीनं चार्जरला लावलेली असू द्या, कारण बॅटरीवर बरेच लॅपटॉप वेग आवरतात. विंडोजमधला पॉवर मोड सारखा ठेवा. फाइल आधी मशीनमध्ये कॉपी करून घ्या, नाहीतर पेन ड्राइव्हचाच वेग मोजाल. काम तीन वेळा करा आणि मधला आकडा धरा. पहिल्या खेपेला पाठीमागे अपडेट चालू असण्याची शक्यता फार. तिसरी वेळ पहिलीपेक्षा बरीच जास्त लागली तर मशीन तापतंय हे समजलं.

रॅम मात्र आवर्जून बघा. एका मशीनमध्ये रॅमची एकच पट्टी आणि दुसऱ्यात दोन असतील तर तुलना प्रोसेसरची राहत नाही. दोन पट्ट्या असल्या की माहिती दोन वाटांनी येते, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर गेममध्ये याचा फरक लगेच जाणवतो. एकच पट्टी घालून किंमत खाली आणलेली मशीनं दुकानात सर्रास मिळतात.

आणि काम टॅलीत व्हाउचर भरणं, जीएसटीचं रिटर्न, मेल, थोडं एक्सेल एवढंच असेल तर प्रोसेसर बहुतेक वेळ तुमच्या बोटांची वाट बघत बसलेला असतो. तिथे आय-५ यू की आय-७ यू यावर पैसे घालवू नका. जुन्या मशीनमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवून घ्या, रॅम ४ जीबी असेल तर ८ किंवा १६ करा, आणि उरलेल्या पैशांत एक चांगला मॉनिटर येतो का ते बघा.